वरून फिरवलेला हात

माझी नजर फुटपट्टीपेक्षा बरी आहे, असं मी एकोणीस वर्षं लोकांना ऐकवत आले आणि त्यात खोटं काही नव्हतं. शीर्षकाखालची जागा अर्ध्या पॉइंटने, म्हणजे एका कागदाच्या जाडीएवढी, कमी पडली तरी मला ती दारातून दिसते. छापखान्यात पानं लावायचं काम माझ्याकडे. लेखक मजकूर आणून देतो, मी तो पडद्यावर पानात बसवते, शीर्षकं मोठी करते, आकृत्या जागच्या जागी ठेवते. हे सगळं मी हाताने करायची. म्हणजे माउसने ओळ निवडायची, आकार वाढवायचा, ठळक करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं. पुस्तकात दोनशे शीर्षकं असली तर दोनशे वेळा. कंटाळा सोडाच, मला त्याचा गर्व होता.

मग आमच्या मालकांनी माझ्या नणंदेला कामावर घेतलं. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी तिला अगं-तूगं करते, फक्त चिडवायचं असलं की वन्सं म्हणते. आधी ती एका मोठ्या छापखान्यात होती आणि तिथून नको इतकी हुशारी घेऊन आली होती. पहिल्या दिवशी तिने माउस उचलून टेबलाच्या कडेला सरकवला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून काम सुरू केलं. तिची बोटं दिसायची नाहीत, नुसता आवाज यायचा. मी घरी नवऱ्याला सांगितलं की तुझी बहीण काम करत नाही, कीबोर्डला मारते. तो म्हणाला की लहानपणी ती त्यालाही मारायची.

तिसऱ्या दिवशी तिने मला स्टाइल शिकवायला घेतली. प्रत्येक प्रकारच्या मजकुराला एक नाव द्यायचं. त्या नावात आकार, ओळींमधलं अंतर, ठळकपणा सगळं साठवून ठेवायचं आणि मग परिच्छेदाला फक्त ते नाव लावायचं. नाव लावायलाही माउस नको. कंट्रोल दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांतला एक दाबला की साधा मजकूर, दोन दाबला की धड्याचं शीर्षक, तीन दाबला की पोटशीर्षक. उद्या आकार बदलावासा वाटला तर एकाच ठिकाणी बदलायचा, सगळं पुस्तक आपोआप बदलतं.

मी कंट्रोल आणि एक दाबलं. काही झालं नाही. मी मोठ्या समाधानाने मागे टेकले आणि म्हटलं, वन्सं, तुमची स्टाइल तुमच्यापाशीच राहू द्या. तिने आकड्यांच्या वरचं एक बटण दाबलं, कीबोर्डवर छोटा हिरवा दिवा लागला आणि परिच्छेद झटक्यात सरळ झाला. बटण चालू केल्याशिवाय पंखासुद्धा फिरत नाही वहिनी, असं म्हणून ती चहा आणायला गेली. मला तो दिवा पुढे आठवडाभर डोळ्यांत खुपत होता.

त्यानंतर लगेचच शिवणबाईंचं पुस्तक आलं. शिवणबाईंनी छत्तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला होता आणि कपडा बेतण्याची सगळी विद्या एकशे साठ पानांत उतरवली होती. झबल्यापासून कोटापर्यंत सगळं. त्यांची अट एकच होती. प्रत्येक माप ठळक अक्षरात हवं, कारण कापणारी बाई आधी माप शोधते आणि मग बाकीचं वाचते. नणंदेने त्या पुस्तकासाठी सात स्टाइली बांधून दिल्या आणि पानं लावायचं काम माझ्यावर सोडलं.

मी नावं लावली. इमानदारीने लावली, कंट्रोल दाबून लावली. पण नाव लावलं की सगळे परिच्छेद एकसारखे दिसायचे आणि ते मला काही बघवेना. मग दुपारी नणंद जेवायला गेली की मी माउस पुढे ओढायची आणि प्रत्येक परिच्छेदावर वरून हात फिरवायची. इथे अक्षर पाव पॉइंटने मोठं कर, तिथे ओळ जरा आवळून घे, हा परिच्छेद दमल्यासारखा दिसतोय तर त्याला थोडी हवा दे. असं केलं की पडद्यावर स्टाइलच्या नावापुढे एक अधिकचं चिन्ह उमटायचं. मला वाटलं, चांगलं काम केलं म्हणून शिक्षक वहीत खूण करतात, तसलं काहीतरी असेल. चार महिन्यांत मी ते पुस्तक असं सजवलं की मला त्याची पानं नुसती बघत बसावंसं वाटायचं.

आणि मग तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक मशीनवर चढणार होतं. त्यानंतरचे तीन आठवडे मशीन शाळेच्या पुस्तकांना दिलेलं, त्यामुळे हा एकच दिवस हातात होता. संध्याकाळी पाच वाजता फाइल छपाईच्या प्लेट काढणाऱ्याकडे जायची होती. अकराच्या सुमारास शिवणबाई शेवटचं प्रूफ बघायला स्वतः आल्या. आतापर्यंतची तिन्ही प्रुफं घरी जात होती, त्यांची सून ती तपासून परत आणून देई. आज सुनेला काम होतं म्हणून बाई एकट्याच आल्या.

मालकांनी त्यांच्या हातात छापलेलं पान दिलं. बाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात तिरकं केलं. शेवटी त्यांनी ते कागद कापायच्या मोठ्या टेबलावर ठेवलं आणि कापडावरून फिरवावा तसा त्यावरून तळहात फिरवला.

"दिसायला छान असणार," त्या म्हणाल्या. "पण मला यातलं एक अक्षरही वाचता येत नाहीये."

मग त्यांनी सांगितलं. सून त्यांना प्रुफं मोठ्याने वाचून दाखवत होती. पुढच्या बुधवारी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर आशा ठेवा म्हणतात, पण शब्द देत नाहीत. त्याआधी त्यांना स्वतःचं पुस्तक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं, आणि छापून आल्यावर अक्षर मोठं दिसेल अशी वेडी आशा त्यांनी मनात धरली होती.

"माझं सोडा," त्या पुढे म्हणाल्या. "शिवणारी बाई पुस्तक हातात धरत नाही. एका हातात कात्री असते, दुसऱ्यात टेप. पुस्तक टेबलावर पडलेलं असतं. तिला उभ्याने दिसलं पाहिजे. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

सांगायला हवं होतं हे खरं, पण विचारायला मला तरी कुठे सुचलं होतं? एकोणीस वर्षं मी पानं बसून बघत आले होते. मी उठले, टेबलापाशी गेले आणि उभी राहून खाली बघितलं. माझं इतकं सजवलेलं पान तिथून मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं.

मालक म्हणाले की अख्खं पानच मोठं करून छापू. पण कागद त्याच मापाचा कापून ठेवलेला. शिवाय आकृत्यांमधला एक चौकोन म्हणजे बरोबर एक सेंटिमीटर, मुली त्यावर पट्टी ठेवून मोजणार. पान ताणलं तर ते मापच खोटं होईल, असं बाईंनी ताबडतोब सांगितलं. आकृत्या आहेत तेवढ्याच ठेवायच्या आणि अक्षर तेवढं वाढवायचं. पानं वाढली तर वाढू देत, कागद जास्तीचा होता. फक्त एकशे साठ पानं नव्याने लावायला पुन्हा चार महिने कुठून आणायचे, म्हणून मालक कपाळाला हात लावून बसले.

नणंद मात्र हसत खुर्चीत बसली. हे पाच मिनिटांचं काम आहे, ती बाईंना म्हणाली, म्हणून तर आपण स्टाइली बांधल्या. आकार अकराचा पंधरा करायचा, बस. बाईंचा चेहरा असा उजळला की मला तो बघवला नाही. वरून हात फिरवल्यावर नेमकं काय होतं ते मला माहीत नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

तिने स्टाइल उघडली, अकरा खोडून पंधरा लिहिलं, एंटर दाबलं. दहा-बारा ओळी इकडेतिकडे टुणकन मोठ्या झाल्या. बाकीचं पुस्तक ढिम्म हललं नाही.

तिने पुन्हा एंटर दाबलं. मग तिची नजर स्टाइलच्या नावावर गेली. ती पुढच्या पानावर गेली, त्याच्या पुढच्या, मग एकदम शंभराव्या. सगळीकडे अधिकचं चिन्ह. ते चिन्ह शाबासकीचं नव्हतं. मूळ नावावर कोणीतरी हाताने काहीतरी चढवलंय, आता हा परिच्छेद नावाचं ऐकणार नाही, असा त्याचा अर्थ होता. ती हळूच माझ्याकडे वळली.

"वहिनी, वरून हात फिरवलास का?"

कॉम्प्युटर बिघडला म्हणणं सोपं होतं. मालकांना ते पटलंही असतं, त्यांना कॉम्प्युटरबद्दल काहीही पटतं. पण बाई टेबलाला धरून माझ्याच दिशेने बघत होत्या आणि त्यांना मी नीटशी दिसतही नव्हते.

"हो," मी म्हटलं. "सगळ्या पुस्तकावर."

नणंदेने बाईंना काय झालंय ते समजावून सांगितलं. बाईंना ते एका वाक्यात कळलं, मला चार महिन्यांत कळलं नव्हतं. म्हणजे कागदाचा साचा कापून ठेवलेला होता आणि हिने प्रत्येक कपड्यावर पुन्हा खडूने आपली रेघ मारली, त्या म्हणाल्या. मग रागावण्याऐवजी किंचित हसल्या. त्यांच्या प्रत्येक वर्गात अशी एक मुलगी असायची म्हणे. सगळ्यांत चांगला हात तिचाच असायचा आणि तिने शिवलेला कपडा कोणाच्याच अंगाला बसायचा नाही. ते वाक्य मला असं लागलं की आजही आठवलं तरी कान गरम होतात. पण त्या लागण्यानेच मी भानावर आले आणि खुर्ची ओढून नणंदेशेजारी बसले.

वरून चढवलेलं सगळं एका फटक्यात पुसून टाकायला नणंदेने एक शॉर्टकट ठरवून ठेवला होता. ती तो दाबणार, इतक्यात मी तिचा हात धरला. मापं ठळक केलेली होती तीही हातानेच. पुसलं असतं तर तीही साधी झाली असती. बाई म्हणाल्या की ठळक मापं गेली तर पुस्तक गेलंच. घड्याळात पावणेबारा वाजले होते.

नणंदेची बोटं पळायला लागली. आधी ठळक अक्षरांनाच नाव द्यायचं, ती म्हणाली. परिच्छेदांची स्टाइल असते तशी नुसत्या अक्षरांचीही असते. तिने 'माप' नावाची स्टाइल केली, कंट्रोल आणि एफ दाबून शोधायची खिडकी उघडली आणि शब्दांऐवजी ठळकपणाच शोधायला सांगितला. जिथे ठळक सापडेल तिथे 'माप' हे नाव लावायचं. नाव लागलेलं पुसलं जात नाही, हाताने चढवलेलं तेवढं जातं. पडद्यावर उत्तर आलं, एक हजार एकशे बारा जागा बदलल्या. मालकांनी टाळी वाजवली.

पण माझी नजर सांगत होती की काहीतरी उरलंय. मी एक्केचाळिसाव्या पानावर गेले. कोष्टकातली मापं दिसायला ठळक होती, पण त्यांना नाव लागलं नव्हतं. आणि मला आठवलं. बारीक कोष्टकात ठळक फाँटचे आकडे गिचमिड दिसतात म्हणून मी तिथे साध्या अक्षरांना केसाएवढी काळी किनार दिली होती. दिसायला ठळक, कॉम्प्युटरच्या लेखी साधंच. हेही मला सांगावं लागलं. नणंदेने किनार शोधली, दोनशे अठ्ठ्याण्णव जागा सापडल्या.

"अजून?" तिने विचारलं.

"चौथा धडा," मी म्हटलं. "तेव्हा मी तुझ्यावर चिडले होते. त्यामुळे तिथे नुसता आकार वाढवलाय, साडेबारा."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसता हसताच तिने साडेबाराचा आकार शोधला. चौसष्ट. ही तिसरी युक्ती दुसऱ्या कोणाला कधीच सापडली नसती, कारण तिचं कारण पडद्यावर नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. आम्ही दोघींनी प्रत्येक धड्यातली दोन-दोन पानं तपासली. एकही माप सुटलं नव्हतं. नणंदेने फाइलची एक प्रत बाजूला ठेवली आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. तुझं आहे, तूच पूस, एवढंच म्हणाली.

कंट्रोल आणि ए, अख्खं पुस्तक निवडलं गेलं. माझं बोट पुढच्या बटणावर थांबलं. चार महिन्यांच्या दुपारी होत्या त्या. पाव पाव पॉइंट वेचून जमवलेलं काम. मला खरंच वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी बाईंकडे बघितलं आणि दाबलं.

अधिकची चिन्हं गेली. सगळी. मापं काळीभोर, जागच्या जागी उभी होती. मी कोणाला विचारलं नाही, स्वतःच मूळ स्टाइल उघडली, अकराचे पंधरा केले, ओळींमधलं अंतर पंधराचं वीस केलं आणि एंटर मारलं.

पुस्तक हललं. माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं फुगली, ओळी खाली सरकल्या, खालचा परिच्छेद पुढच्या पानावर गेला, त्याने त्याच्या पुढच्याला ढकललं, शीर्षकं आपोआप त्याच बेताने मोठी झाली कारण ती मूळ स्टाइलवरच बेतलेली होती, आकृत्या आपापल्या मजकुराचं बोट धरून पुढे गेल्या, मापं मोठी होऊन ठळकच राहिली. कोपऱ्यात पानांचा आकडा धावत होता. एकशे साठचे एकशे बहात्तर, एकशे नव्वद, दोनशे आठ, आणि दोनशे चोवीसवर थांबला. मी उभी राहिले होते. कधी राहिले ते मला कळलं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी नणंदेच्या पाठीत एक धपाटा घातला. माझी चार महिन्यांची कारागिरी एका बटणाने गेली होती आणि मला नाचावंसं वाटत होतं.

तरी तपासताना नऊ ठिकाणी मापाचं नाव एका पानाच्या तळाशी आणि त्याचे आकडे पुढच्या पानावर गेलेले दिसले. माझा हात सवयीने माउसकडे गेला. तो मी अर्ध्यातून मागे घेतला आणि नणंदेला विचारलं की 'खालच्या ओळीला सोडून राहू नकोस' असं स्टाइललाच सांगता येत नाही का. ती माझ्याकडे बघतच राहिली. येतं, म्हणाली. ते मी केलं, माझं मी. नऊच्या नऊ जागा एकदम जुळल्या. त्या दिवशी मला बक्षीस म्हणून कोणी राज्य दिलं असतं तरी मी ते बाजूला ठेवून आणखी एखादी स्टाइल बांधली असती.

साडेतीनला सगळी पानं साध्या प्रिंटरवर काढून आम्ही ती मोठ्या टेबलावर ठेवली. बाई उभ्या राहिल्या. पान टेबलावर, हात मोकळे. त्यांनी मान जराशी खाली केली.

"छाती," त्या म्हणाल्या. "ब्याऐंशी."

मी उगाच प्रिंटरमधला कागद नीट करायला गेले.

दीड तासात अख्खं पुस्तक वाचून होणार नव्हतं, म्हणून बाईंनी नुसती ठळक मापं घ्यायची ठरवली. बोट एका मापावरून दुसऱ्यावर जायचं आणि नणंद पान उलटायची. सगळी मापं आता एकाच जातीची झाली होती, त्यामुळे त्यांना शोधावं लागत नव्हतं. साडेचार वाजून गेले, मालकांनी प्लेटवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं. एकशे एकतिसाव्या पानावर बोट थांबलं. तीन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक, खांद्यापासून काखेपर्यंतचं माप.

"मुंढा साडेचोवीस," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांच्या मुलीला? यात तिची आई शिरेल. साडेचौदा हवंय."

नणंद गोंधळली. हे पुस्तक तीनदा तपासलंय, ती म्हणाली.

"तपासलं नाही, तीनदा ऐकलंय मी," बाई म्हणाल्या. "सून माझ्याच वर्गात शिकली. तिला मुंढा साडेचौदाच माहीत. कागदावर काहीही असलं तरी तिच्या तोंडून साडेचौदाच येणार."

मी धावत जाऊन दोन खोडून एक केला. बाईंनी शेवटच्या पानापर्यंत बोट नेलं. दुसरी चूक निघाली नाही. पाचला सहा मिनिटं कमी असताना फाइल गेली आणि मालक खुर्चीत अंग टाकून बसले.

तेवढ्यात बाईंची सून त्यांना न्यायला आली. कामावरून थेट आली होती, खांद्यावर पिशवी तशीच. टेबलावर पानांचा गठ्ठा आणि त्यावर वाकलेल्या सासूबाई बघून ती घाबरलीच. डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तिने आठवण करून दिली. मग पहिलं पान उचललं आणि म्हणाली की आई, तुम्ही बसा, मी वाचते, तुम्ही ऐका.

बाईंनी तिच्या हातातून पान घेतलं, टेबलावर ठेवलं आणि नीट सरळ केलं.

"आज तू बस," त्या म्हणाल्या. "मी वाचते, तू ऐक."

सुनेने आमच्याकडे बघितलं. मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि माझ्या खुर्चीत बसली. बाई उभ्याने वाचायला लागल्या.